घरच्या घरी ड्राय फायर: रिकाम्या पिस्तुलाने सराव कसा करता?

कोरडा_पाषाण

पिस्तूल नेमबाजी करणाऱ्या बऱ्याच मंडळींना ड्राय फायर म्हणजे रेंजवर जायला जमलं नाही की करायची गोष्ट वाटते. माझं मत उलट आहे. रेंजवर आपण काय येतं ते तपासतो, शिकणं मात्र बरंचसं रिकाम्या पिस्तुलाने होतं. गोळी सुटते तेव्हा आवाज होतो, हात उडतो, आणि नेमक्या त्या क्षणी फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण) कुठे होती हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. रिकाम्या पिस्तुलात ट्रिगर तुटतो (म्हणजे दाबता दाबता सुटतो), टक् होतं, आणि साइट हलली की नाही हे लख्ख दिसतं. दारूगोळ्याला दोष देता येत नाही, वाऱ्याला तर नाहीच.

पद्धतीकडे वळण्याआधी सुरक्षेचं बोलू. काडतुसं सरावाच्या खोलीत नकोतच. खिशात नाहीत, टेबलावर नाहीत, भरलेली मॅगझिन ड्रॉवरमध्येही नाही. आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघायचा आणि करंगळी घालून चाचपायचा. हाच क्रम ठेवायचा. मॅगझिन आत असताना आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची आत सरकते, आणि माणूस समजतो झालं रिकामं. लक्ष्य लावायची भिंतही खरी गोळी अडवेल अशी हवी. पातळ पार्टिशनची भिंत गोळी अडवत नाही, आणि तिच्यापलीकडे कुणाची तरी खोली असते.

आणि सराव संपला की संपला. मी तोंडाने मोठ्याने म्हणतो, "सराव बंद." लक्ष्याचा कागद काढतो, पिस्तूल कुलपात जातं. 'अजून एकदाच' हे सगळ्यात धोक्याचं, कारण तोवर मन सरावातून बाहेर आलेलं असतं आणि कधीकधी पिस्तूल पुन्हा भरलेलंही असतं.

आता पद्धत. माझा सुरुवातीचा भाग कोऱ्या भिंतीवर असतो. लक्ष्य नाहीच. समोर काळा गोल असला की डोळा तिकडे पळतो. कोऱ्या भिंतीवर त्याला बघायला फ्रंट साइटशिवाय काही उरत नाही. साइट रिअरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड समपातळीत. एवढंच बघत ट्रिगर दाबायचा आणि टक् झाल्यावरही दोनेक सेकंद तसंच बघत राहायचं.

बाकीच्यांनी आपापलं सांगावं. एअर पिस्तूलवाले, २५ मीटरवाले, आयपीएससीवाले (वेळ आणि अचूकता दोन्ही मोजणारी प्रॅक्टिकल नेमबाजी), सगळ्यांचं स्वागत.

नवी_नेमबाज

छान धागा! एक बाळबोध प्रश्न. रिकामं पिस्तूल चालवल्याने ते खराब होत नाही का? माझ्याकडे शिकण्यासाठी स्प्रिंगची एअर पिस्तूल आहे, आणि क्लबमधले एक काका म्हणाले की छर्रा न घालता ती कधीच चालवू नकोस. मग इथे सगळे रिकामं चालवा म्हणतायत, म्हणजे नक्की काय?

दहा_पॉइंट_नऊ

काका बरोबर आहेत. स्प्रिंग-पिस्टनच्या एअर पिस्तुलात छर्रा नसेल तर पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही. तो सरळ पुढच्या टोकावर आदळतो, सील जातं, स्प्रिंगही जाते. त्या पिस्तुलावर ड्राय फायर नाही. फक्त होल्ड करा, ट्रिगरला हात लावू नका. साइट जुळवून धरायची आणि खाली आणायची, तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं.

दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच एअर पिस्तुलांत बहुधा ड्राय फायरची वेगळी सोय असते. ट्रिगर खऱ्यासारखाच तुटतो, पण हवा सुटत नाही. कुठला खटका कुठे करायचा हे मॅन्युअलमध्ये असतं. अंदाजाने करू नका.

सदा_साशंक

यात पॉइंट बावीसचं (.२२ बोअरच्या पिस्तुलांचं) घाला की. तिथेच लोक जास्त फसतात.

दहा_पॉइंट_नऊ

घालतो. बावीसच्या काडतुसाला फायरिंग पिन कडेवर मारते, मध्यावर नाही. चेंबर रिकामा असेल तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खड्डा पडत जातो. मग खरं काडतूस नीट बसत नाही किंवा रिकामी केस अडकते. काही आधुनिक बावीसमध्ये पिन तिथवर पोहोचूच नये अशी रचना असते, पण ती आपल्या पिस्तुलात आहे हे गृहीत धरू नये. मॅन्युअल बघा, नाहीतर शस्त्र दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला विचारा. आणखी एक सांगतो. बावीसच्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच डमी काडतुसांचा उपयोग फक्त भरण्या-काढण्याच्या सरावाला असतो. त्यांची कड पिनचे मार फार वेळ सोसत नाही.

सेंटरफायर पिस्तुलांचं, म्हणजे जिथे पिन काडतुसाच्या मध्यावर मारते त्यांचं, जरा बरं असतं. स्नॅप कॅप वापरा, म्हणजे प्रायमरच्या (पिन जिथे मारते त्या पेटवणाऱ्या टोपीच्या) जागी स्प्रिंग किंवा रबर असलेली डमी. आजची बहुतेक सेंटरफायर पिस्तुलं स्नॅप कॅपशिवायही टिकतात, पण काही जुन्या रचनांत पिन अडवून धरणारी बारीक खुंटी मार खाऊन तुटते. स्नॅप कॅप खऱ्या काडतुसापेक्षा लांबूनही वेगळी दिसेल अशा रंगाची घ्या. खऱ्या केसमध्ये जुनी गोळी बसवून घरी केलेली 'डमी' कुणी देऊ केली तर घेऊ नका.

बारूद_बहाद्दर

माफ करा, पण मला हा सगळा प्रकार जरा अतिच वाटतो. रिकाम्या पिस्तुलाला ना धक्का ना आवाज. माणूस चुकतो तो धक्क्याच्या भीतीने. जिथे भीतीच नाही तिथे हजार वेळा टक् टक् करून काय सिद्ध होणार? घरी सगळेच विश्वविजेते असतात. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं.

कोरडा_पाषाण

बहाद्दरसाहेब, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. ड्राय फायरने धक्का सोसायला शिकता येत नाही, दोन गोळ्यांमध्ये पिस्तूल परत जागेवर आणणंही कळत नाही. पण धक्का येण्याआधीच त्याच्या धास्तीने हात जे करतो, ते कमी करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा तर्जनीबरोबर बाकीची बोटंही आवळली जात असतात किंवा मनगट आधीच खाली ढकललं जात असतं. गोळीच्या आवाजात हे लपतं. रिकाम्या पिस्तुलात साइट टुणकन खाली जाताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दहा_पॉइंट_नऊ

दोघांचं भांडण सोडवायची एक जुनी रीत आहे. रेंजवर सोबत्याने मॅगझिन भरायची, मध्येमध्ये स्नॅप कॅप घालायची, आणि कुठे घातली ते मारणाऱ्याला सांगायचं नाही. स्नॅप कॅपवर ट्रिगर पडला आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकलं, तर धास्ती आहे. मग तिथेच, त्याच उभं राहण्यात, थोडे ड्राय शॉट, मग परत मिश्र मॅगझिन. रिव्हॉल्व्हरवर हे आणखी सोपं, सिलिंडरमध्ये काही घरं रिकामी ठेवून तो फिरवायचा. हा प्रकार फक्त रेंजवर. घरी खरं काडतूस आणि स्नॅप कॅप एका जागी येता कामा नयेत.

टायमर_राजा

आयपीएससीकडून थोडं. आमच्याकडे ड्राय फायरशिवाय भागतच नाही, कारण आमचा अर्धा वेळ गोळी मारण्याआधीच जातो. होल्स्टरमधून पिस्तूल काढणं (ड्रॉ), मॅगझिन बदलणं, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणं, यातल्या कशालाच खरी गोळी लागत नाही. शॉट टायमरवर पार टाइम लावतो. पहिला बीप झाला की हात हलतो, दुसऱ्या बीपच्या आत साइट लक्ष्यावर आणि ट्रिगर दाबलेला हवा. जमलं की पार टाइम थोडा कमी करायचा, बिघडलं की परत वाढवायचा.

नवशिक्यांनी मात्र टायमर बराच काळ कपाटात ठेवावा. घाईत शिकलेला ड्रॉ म्हणजे बोट होल्स्टरमध्येच ट्रिगरवर जाण्याची सवय, आणि तीच सवय भरलेल्या पिस्तुलाबरोबर रेंजवर येते. आधी अगदी संथ, बोट फ्रेमच्या बाजूला सरळ, साइट लक्ष्यावर आली की मगच आत. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना तर नेहमीच संथ. त्याचा टाइम कुणी मोजत नाही.

बहुतेक स्ट्रायकरवाल्या (बाहेरचा हॅमर नसलेल्या) पिस्तुलांना दर शॉटनंतर स्लाइड थोडी मागे ओढावी लागते, नाहीतर ट्रिगर मेलेलाच राहतो. पुष्कळ जण यावर वैतागतात. मी त्या थांब्यात बोटं मोकळी करून ग्रिप नव्याने पकडतो. प्रत्येक ग्रिप पहिलीच असल्यासारखी घ्यायची, मग तोही सराव होतो.

सदा_साशंक

इथे एक शंका. 'प्रत्येक शस्त्र नेहमी भरलेलंच समजा' हा अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपरच्या चार नियमांतला पहिला. मग घरात बसून ट्रिगर दाबणं म्हणजे नियम एक धाब्यावर बसवणंच नाही का?

टायमर_राजा

कूपर आयपीएससीचे पहिले अध्यक्ष होते, संघटना १९७६ची. म्हणजे प्रश्न योग्य ठिकाणी आला :)

माझं उत्तर असं. तपासून रिकामं केल्यावरही पिस्तूल भरलेलं असल्यासारखंच वागवायचं. म्हणजे तोंड फक्त अशा भिंतीकडे जिच्यात खरी गोळी गेली तरी कुणाला इजा होणार नाही. टीव्हीवरच्या माणसाकडे नाही, आरशाकडे नाही, खिडकीकडे नाही. कूपरचे बाकीचे तीन नियमही तसेच लागू: जे नष्ट झालेलं चालणार नाही त्यावर तोंड न्यायचं नाही, साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि लक्ष्य काय व त्याच्या पलीकडे काय हे माहीत हवं. हे पाळलं तर पहिला नियम मोडत नाही. तपासण्यात कधी चूक झालीच तर गोळी भिंतीत जाते आणि गोष्ट तिथेच थांबते. मूल खोलीत आलं, फोन वाजला, दाराची बेल वाजली, तर सराव थांबला. परत सुरू करताना तपासणी पहिल्यापासून.

कोरडा_पाषाण

पूर्ण अनुमोदन.

नवी_नेमबाज

धन्यवाद सगळ्यांना! होल्डचा सराव सुरू करते. आता दोन प्रश्न. माझ्या खोलीत १० मीटर मिळणं शक्यच नाही, मग लक्ष्य किती मोठं लावायचं? दुसरं, मी उजव्या हाताने मारते पण माझा डावा डोळा प्रबळ आहे. एक डोळा घट्ट मिटला की थोड्या वेळाने दुसराही थकतो.

दहा_पॉइंट_नऊ

पहिलं. १० मीटर एअर पिस्तूलच्या लक्ष्याचा काळा भाग ५९.५ मिमी व्यासाचा, आणि त्याचा मध्य जमिनीपासून १४० सेंमी उंचीवर. तुम्हाला ५ मीटर मिळत असतील तर काळा गोल अर्धा करा, साधारण ३० मिमी. ३ मीटर असतील तर १८ मिमी. कागदावर काळ्या शाईने गोल भरला तरी पुरे.

उंचीची चूक मात्र जवळजवळ सगळे करतात. १४० सेंमी तशीच ठेवली तर जवळच्या लक्ष्यासाठी हात जास्त खाली येतो आणि खांद्याला भलतीच सवय लागते. डोळ्याच्या उंचीतून १४० वजा करा, जो फरक येईल तो अंतराच्याच प्रमाणात कमी करा. डोळा १६० सेंमीवर असेल तर फरक २० सेंमी. ५ मीटरवर तो १० होतो, म्हणजे लक्ष्य १५० सेंमीवर. ३ मीटरवर फरक ६, म्हणजे १५४ सेंमी. मग हाताचा कोन रेंजवरच्यासारखाच राहतो.

दुसरं. डोळा मिटू नका. पापणी आवळून धरली की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, आणि तुम्ही म्हणता तसा दुसरा डोळाही थकतो. न वापरायच्या डोळ्यासमोर चष्म्याला किंवा टोपीला अर्धपारदर्शक पट्टी लावा. काळीपेक्षा पांढरी बरी, दोन्ही डोळ्यांना साधारण सारखा उजेड मिळतो. स्पर्धेत ही पट्टी ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही, तेव्हा घरीही तेवढीच ठेवा. पिस्तुलात उलट्या डोळ्याचा अडसर रायफलइतका मोठा नसतो, पण डावा डोळा फारच जोर करत असेल तर प्रशिक्षकाशी बोलून डाव्या हाताचाही विचार करता येतो. तुम्ही नव्या आहात, हात बदलायचा तर आत्ताच.

अवांतर: हंगेरीचे कारोय ताकाच यांचा उजवा हात १९३८मध्ये ग्रेनेडच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ व १९५२च्या ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. त्यामुळे हात बदलला म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

बारूद_बहाद्दर

मिश्र मॅगझिनचा प्रयोग या वेळी केला. काय दिसलं ते इथे लिहिणार नाही :)

पण गंभीर प्रश्न. माझा हात स्थिर राहतच नाही. साइट लक्ष्यावर भिरभिरते. ती थांबेपर्यंत ट्रिगर कसा दाबणार?

कोरडा_पाषाण

थांबणारच नाही. कुणाचीच थांबत नाही. इथे जरा आकडेमोड करू, कारण ती पटली की अर्धी घालमेल जाते.

चूक दोन प्रकारची. एक, साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या, पण अख्खा हात ५ मिमी बाजूला. छर्राही लक्ष्यावर ५ मिमीच बाजूला लागतो. एअर पिस्तूलमध्ये दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आणि छर्रा ४.५ मिमीचा, वर्तुळाला नुसता शिवला तरी गुण मिळतो. म्हणजे हा अजून दहाच आहे. दुसरी चूक, हात अगदी जागेवर, पण फ्रंट साइट खाचेत १ मिमी सरकलेली. दोन साइटमधलं अंतर ३२० मिमी धरा. १० मीटरवर ती चूक ३१ पटीने वाढते, छर्रा मध्यापासून ३१ मिमी दूर लागतो, आणि हा झाला सात.

म्हणजे हाताचं भिरभिरणं स्वस्तात सुटतं, साइटचं वाकडं होणं महागात पडतं. आणि तुम्ही हात थांबायची वाट बघता, मग गोल साइटवर आला रे आला की बोट झटका देतं. त्या झटक्यात साइट वाकडी होते. एका चुकीच्या भीतीने तिच्यापेक्षा मोठी चूक करतो आपण. भिरभिरू द्या. ट्रिगर एकसारखा, न थांबता मागे घ्या.

दहा_पॉइंट_नऊ

याला जोडून. हात वर गेल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट झाला नाही तर मारू नका, खाली आणा. त्यानंतर डोळ्यासमोर साइटचं जुनंच चित्र राहतं आणि हाताचा थरथराट वाढतो. शॉट सोडून देणं हेसुद्धा घरीच शिकायचं. घरी जो कधीच सोडत नाही तो स्पर्धेत तर नाहीच सोडणार.

फॉलो-थ्रूबद्दलही, म्हणजे शॉटनंतरही तसंच धरून राहण्याबद्दल. मॅच एअर पिस्तूलचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर जातो. तो नळीत असतानाच हात सैल पडला तर लागलेल्या जागेवर त्याचा परिणाम दिसतो. टक् झाल्यावर साइट कुठे होती हे मनात म्हणायचं, "डावीकडे किंचित", "वर", असं. मग हात खाली. हे न करता केलेलं टक् टक् मी सरावात मोजत नाही.

सदा_साशंक

लेझर काडतूस (ट्रिगर दाबला की भिंतीवर लेझरचा ठिपका टाकणारं) आणि ते स्कॅट वगैरे घ्यावं का? की नुसताच देखावा?

टायमर_राजा

लेझर मजेचं आहे, ड्रॉच्या सरावाला कामाचंही. पण ठिपका दिसायला लागला की डोळा साइट सोडून ठिपक्याकडे धावतो. कोऱ्या भिंतीने जे शिकवलं ते सगळं पुसलं जातं. मी वापरलंच तर शेवटी थोडं. आणि लेझर कुणाच्या डोळ्यात जाणार नाही असं बघा, आरशासमोर तर अजिबात नको.

दहा_पॉइंट_नऊ

स्कॅटसारखं यंत्र वेगळ्या जातीचं. ते पिस्तुलाचा लक्ष्यावरचा मार्ग काढून दाखवतं: कुठून आलात, कुठे थांबलात, ट्रिगर तुटायच्या आधीच्या सेकंदात काय झालं. प्रशिक्षक बरोबर असेल तर उत्तम. एकट्याने घेतलं तर लोक ती रेघ लहान करण्याच्या मागे लागतात आणि ट्रिगर दाबायचाच राहतो.

घ्यायचंच तर आधी ट्रिगरचं वजन (तो सुटायला किती जोर लागतो ते) तपासायचं माप घ्या. एअर पिस्तूलला नियमाने किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलला १००० ग्रॅम. घरी हलका ट्रिगर ठेवून सराव केला आणि तपासणीसाठी वाढवला, तर बोटाने शिकलेलं सगळं फुकट.

नवी_नेमबाज

सरावाला किती वेळ द्यायचा? आणि स्पर्धेच्या दिवशी ड्राय फायर चालतं का?

दहा_पॉइंट_नऊ

पंधरा-वीस मिनिटं पुरे. लक्ष उडालं की त्याआधीही थांबा. तुम्ही सध्या फक्त होल्ड करताय, तर वीस-तीस सेकंद धरा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा. खांदा दुखायला लागला तर त्या दिवशी बंद.

स्पर्धेत चालतं, पण फायरिंग लाइनवर, तोंड लक्ष्याकडे, आणि रेंज ऑफिसरची परवानगी असेल तेव्हाच. मागच्या बाकावर बसून पिस्तूल हातात घेऊन बघू नका, तिथे नियमभंग होतो. मी तयारीच्या वेळात आधी पायांची जागा बघतो: डोळे मिटून हात वर, उघडले की साइट कुठे आहे? बाजूला असेल तर मनगटाने ओढून आणायची नाही, मागचा पाय सरकवायचा. ती जागा सापडली की थोडे ड्राय शॉट, मग पहिला साइटर, म्हणजे गुणांत न धरला जाणारा चाचणी शॉट.